हेडातली चीर

पोरांनो, एक जड झाकण मनात आणा. भाताच्या गंजावर ठेवतो तसलं पातळ नाही. बिडाचं, ओतीव, चार बोटं जाड, आणि उचलताना मोठ्या माणसालाही कंबर सांभाळावी लागेल इतकं वजनी. त्याच्या खालच्या अंगाला शेजारी शेजारी दोन गोल भोकं आहेत आणि त्या भोकांत झडपा बसल्या आहेत. झाकण आतून पोकळ आहे. त्या पोकळीतून सारखं पाणी फिरतं, कारण झाकणाच्या खाली तेल पेटत असतं, विझत असतं, पुन्हा पेटत असतं.

आता मनातल्या मनात त्यावर तळहात ठेवा. गरम लागेल, पण हात ठेववेल. हात ठेववेनासा झाला, तर पाणी फिरायचं थांबलं असं समजायचं. डिझेल इंजिनाच्या या झाकणाला मिस्त्री लोक हेड म्हणतात. इंजिनाजवळ बसणाऱ्यानं मधून मधून या हेडावर हात ठेवून बघायचं असतं. काम एवढंच. तुम्हालाही जमेल.

हात तिथं ठेवूनच पुढचं ऐका.

दवनीवाड्याच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, त्याच्या मातीच्या बांधाखाली, पोवारांची एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती, होती. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलेलं. टोलीतल्या काही घरांनी मिळून एक इंजिन आणलं होतं आणि ते तलावाच्या काठावर लाकडी ओंडक्यांवर बसवलं होतं. त्या वर्षी हस्त कोरडा गेला. तलावाचं पाणी पाट सुटतो त्या मोरीच्या खाली उतरलं आणि पाटात आपसूक येणारं पाणी थांबलं. आता जे काही होतं ते तलावाच्या पोटातलं, आणि ते इंजिनानं ओढूनच वर काढावं लागे.

धान गर्भात होतं. अशा वेळी लोंब धानाच्या पोटात तयार होत असते. बाहेरून काही दिसत नाही, पण नेमकं तेव्हाच त्याच्या पायात पाणी लागतं. ते मिळालं नाही तर लोंब बाहेर येते, ताठ उभी राहते, आणि दाबून पाहावी तर आत दाणाच नसतो.

म्हणून पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. पाळ्या ठरवायचा टिकाराम. तो टोलीत वयानं सगळ्यांत मोठा. त्यानं पहिल्याच दिवशी एक नेम घालून दिला होता. ज्याच्या पाळीत इंजिन थांबेल, त्याची पाळी सगळ्यांच्या मागं जाईल. इंजिन सगळ्यांचं असलं की कुणाचंच नसतं, हे त्याला ठाऊक होतं. नेम सगळ्यांना पटला होता. झामसिंगनंही मान हलवली होती.

झामसिंगच्या घरात तिघं. तो, त्याची बायको तुलसा आणि मुलगी दुलारी. श्रावणापर्यंत चौघं होते. दुलारीचा धाकटा भाऊ तापानं गेला. तुलसा त्यानंतर रडली ती पहिले काही दिवस. मग रडणं बंद झालं आणि दुसरं काही सुरू झालं नाही. सारवण, दळण, निंदण, सगळं ती करत होती. कुणी जेव म्हटलं की जेवायची. चुलीजवळ बसली की लाकूड जळून बाहेर यायचं तरी आत सारायची नाही. कुणी सांगितलं की सारायची. झामसिंग आधीपासूनच कमी बोलणारा. तो आता गरजेपुरतंही बोलेना. दुलारी दोघांच्या मध्ये झोपायची. आधी तिथं तिचा भाऊ झोपायचा.

पाळी आली त्या दिवशी तिघंही सकाळीच तलावावर गेली. झामसिंगनं हँडल मारून इंजिन चालू केलं, पट्टा चढवला, आणि पाणी पाटात पडू लागलं. मग त्यानं तुलसाला इंजिनाशेजारच्या ड्रमजवळ नेलं. ड्रममधून दोन नळ्या इंजिनाला गेल्या होत्या, एक खालून, एक वरून.

"हे वरची नळी दिसते ना?" तो म्हणाला. "पाणी हिच्या खाली गेलं का फिरणं बंद. मंग घागर वतायची. हळू हळू. एकदम नाही."

"हो."

"अना हेडाले हात लावून पाहत राय."

"हो."

"ऐकलं का तू?"

"ऐकलं ना."

तो फावडं घेऊन बांधीकडे गेला. धान लावायच्या बांध घातलेल्या तुकड्याला आपल्याकडे बांधी म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या वरच्या बांधीत पाणी शिरलं. खालच्या दोन्ही बांध्यांत भेगा इतक्या मोठ्या होत्या की दुलारीचं पाऊल आत जाई. उन्हं चढल्यावर पाट एका जागी फुटला. झामसिंग तिथं चिखल थापत बसला. दुलारी त्याला पेज देऊन परत तलावावर आली.

तिनं लांबून पाहिलं. आई इंजिनाजवळ उकिडवी बसली होती, एक हात हेडावर ठेवून. इंजिनाचा आवाज जाड झाला होता. वरच्या नळीतून वाफेचे फटकारे येत होते आणि ड्रममधलं पाणी नळीच्या बरंच खाली गेलं होतं. तुलसा तलावाकडे बघत होती.

"माय, हात काढ."

तुलसानं तिच्याकडे पाहिलं.

"माय, हात."

तुलसानं हात काढला. तळहात लाल झाला होता आणि बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी पडली होती. ती हाताकडे पाहतच नव्हती. ती नळीतून उसळणाऱ्या वाफेकडे पाहत होती. धान उकडताना हंडा उतू जाऊ लागला की बाईमाणूस काय करतं? थंड पाण्याचा तांब्या ओततं. उकळी बसते. तुलसानं जन्मभर तेच केलं होतं. ती उठली, भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि एका दमात ड्रममध्ये रिकामी केली.

ते गार पाणी खालच्या नळीनं सरळ तापलेल्या हेडात शिरलं. आतून एक आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेली काडी मोडावी तसा. इंजिन थोडा वेळ चालत राहिलं, मग पांढरा धूर ओकू लागलं, अडखळलं आणि थांबलं. एकदम इतकं शांत झालं की पाटातलं उरलेलं पाणी पुढं सरकताना ऐकू येत होतं.

पाणी तुटलं तसा झामसिंग धावत आला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"का झालं?"

"बंद पडलं," तुलसा म्हणाली.

त्यानं हँडल लावलं. एरवी हँडल जड जायचं, अर्ध्या फेऱ्यात अडायचं, तिथं छातीचा जोर लावावा लागायचा. आता ते रहाटासारखं नुसतं गरगर फिरलं. त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा, खांदा भरून येईपर्यंत. मग हँडल खाली ठेवलं. ड्रम काठोकाठ भरलेला त्याला दिसला. शेजारी उपडी घागर दिसली. बायकोचा तळहात दिसला.  डोक्याचं धडपं सोडून त्यानं ते फाडलं, पाण्यात भिजवलं आणि तिच्या हाताला गुंडाळलं.

बिसनलाल तेवढ्यात आलाच. हा झामसिंगचा मोठा चुलतभाऊ. झामसिंगच्या आधीची पाळी त्याची होती आणि त्याच्या सगळ्या बांध्या पाण्यानं चमकत होत्या. तुलसानं त्याला पाहताच पदर नाकापर्यंत ओढला. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, बाईनं तोंड उघडायचं नाही आणि दाखवायचंही नाही, अशी त्यांच्यात रीत.

"माझ्या पाळीत वाघावाणी चाललं," बिसनलाल म्हणाला. "तुह्याच पाळीत काऊन बसलं?"

"पाट फुटला होता. मी तेथी होतो."

"मंग इंजिनावर कोण होतं? घरवाली? अरे, चुलीवरचं दूध सांभाळत नाही तिले आता, अना तू तिले इंजिन देतेस."

झामसिंग वाकून पट्टा उतरवू लागला.

"मी का खोटं बोलून राहिलो?"

"नाही," झामसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गोंदियाहून चुन्नीलाल मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री बुटका, पोट सुटलेला, बोलणं अर्धं हिंदी अर्धं आपलं. सारी टोली तलावावर जमली. पुरुष इंजिनाभोवती, बाया ड्रमच्या मागं पदर ओढून. पोरांना टिकारामनं हाकललं, पण दुलारी पळसाच्या बुंध्याला टेकून बसली होती, तिला कुणी हाकललं नाही.

मिस्त्रीनं नट सोडले. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, असे आलटून पालटून. "एका बाजूनं सोडले का हेड वाकतं," तो म्हणाला. झामसिंग आणि जागेश्वर यांनी हेड उचलून बारदान्यावर उलटं ठेवलं. जागेश्वर शेजारचा तरुण गडी, पुढची पाळी त्याची होती.

खालची बाजू काजळीनं काळीभोर होती. मिस्त्रीनं ती खरवडली. झडपा काढल्या, हलवून पाहिल्या. "ढिली झाली, पण चालेल." झडपांच्या बैठकीवर नख फिरवलं. मग एक सरळ पोलादी पट्टी हेडावर उभी धरली आणि गाल जमिनीला लावून पट्टीखालून उजेड येतो का ते पाहिलं. पट्टी आडवी धरली, तिरपी धरली. मग लहान हातोडीनं हेडाच्या कडेला टिचकी मारली आणि कान दिला. पुन्हा मारली. आवाज वाजायच्या आधीच बसत होता.

"का म्हणते?" टिकारामनं विचारलं.

"अभी काही नाही म्हणत. चिराग का तेल आण."

मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, त्यानं सगळं हेड धुतलं, तेल तसंच मुरू दिलं आणि बिडी ओढत बसला. लोकही बसले. कुणाला घाई नव्हती, किंवा घाई करून काही होण्यासारखं नव्हतं. मग त्यानं कोरड्या फडक्यानं हेड असं पुसलं की बोट फिरवलं तर तेलाचा डाग लागू नये. पिशवीतून एक पुरचुंडी काढली. तिच्यात खडूची भुकटी होती. ती पुरचुंडी त्यानं झडपांच्या मधल्या जागेवर आपटली. काळं बीड पांढरं झालं.

"नवरी सजवून राहिले का, मिस्त्री?" जागेश्वर म्हणाला.

"नवरी नाही, मरीज आहे. तू फुंकर नको मारू."

सगळे वाकून पाहत राहिले. आधी काही नव्हतं. मग एका झडपेच्या काठाशी, पांढऱ्यावर, केसाएवढी ओली रेघ दिसली. ती हळूहळू पुढं सरकली. बारीकशा चिरेत मुरलेलं तेल भुकटी वर ओढत होती. रेघ दुसऱ्या झडपेच्या काठाला जाऊन टेकली आणि थांबली.

"फटलं," मिस्त्री म्हणाला. त्यानं मान वर केली. "गरम इंजिनाले थंडं पाणी कोणी टाकलं?"

 झामसिंग पुढं झाला.

"मी…"

"म्या वतलं," ड्रमच्या मागून तुलसा म्हणाली.

पीठ संपलं हे जसं सांगावं तशा आवाजात. बिसनलाल समोर उभा होता, आणि ती त्याच्या देखत बोलली होती. टिकारामची बायको अनुसयाबाई तिच्या शेजारी होती. तिनं तुलसाचा पदर आणखी पुढं ओढला, जणू त्यानं बोललेलं झाकलं जाणार होतं.

मिस्त्रीला यातलं काही कळलं नाही. त्यानं छिन्नी घेतली आणि चिरेवरून बारीक खाच पाडू लागला. किती खोल गेली आहे ते त्याला बघायचं होतं. थोडी खाच पडल्यावर तो थांबला, डोळा जवळ नेला.

"ये देखो. इकडून अर्ध्यापर्यंत काळी. धुवां आत बसला. हे कालची नाही, पहिलेची. अना तिकडची अर्धी चमकते, ते ताजी." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "ड्रममंधी बुडबुडे येत होते का, याच्या पहिले?"

सगळे बिसनलालकडे पाहू लागले.

"येत होते," तो म्हणाला. "पाणी तापलं का बुडबुडे येतेत. त्यात का सांगाचं?"

"ते पाणी तापल्याचे नव्हते. चिरेतून हवा येत होती. तवाच बंद करायचं होतं."

"बंद केलं असतं त माझी पाळी गेली असती ना," बिसनलाल म्हणाला. त्यानं ते लपवलंही नाही. लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही, आणि खरं म्हणजे तिथं उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तेच केलं असतं.

दुलारी बुंध्यापासून उठली. आता आपला बाप बोलेल, असं तिला वाटलं. अर्धी चीर आमची नाही, म्हणून अर्धी पाळी तरी द्या, असं काहीतरी. तो हेडाकडे पाहत होता. ती त्या खाचेतल्या काळ्या आणि चमकत्या भागाकडे त्याच्याबरोबर पाहत राहिली.

टिकारामनं बराच वेळ तंबाखू मळली.

"चीर कोणाची, हे आपण नाही सांगू शकत," तो म्हणाला. "नेम चिरेचा नाही, थांबण्याचा हाय. इंजिन थांबलं झामसिंगच्या पाळीत. आज नेम मोडला त उद्या कोणी मानत नाही. काऊन झामसिंग?"

"हो," झामसिंग म्हणाला.

"त तुही पाळी मागं गेली."

"हो."

एवढंच. लोक उठले, मागची माती झटकली. चिरेवर ओळीनं भोकं पाडून त्यात तांब्याच्या मेखा बसवतो, म्हणजे चीर शिवली जाईल, असं मिस्त्रीनं सांगितलं. पण ते काम गोंदियाच्या कारखान्यातच होणार होतं. थांबवणाऱ्यानंच इंजिन दुरुस्तीला न्यायचं, हेही नेमातच होतं. झामसिंगनं बैल जुंपले, हेड बारदान्यात गुंडाळून बंडीत तणसावर, धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, ठेवलं. निघताना तो तुलसाजवळ थांबला.

"हात कसा हाय?"

"बरा हाय."

"दुखते का?"

तिनं जरा विचार केला. "नाही समजत," ती म्हणाली.

बंडी गेली. घरात दोघीच राहिल्या. तुलसानं भाजी चिरली, दिवा लावला, दुलारीला वाढलं. दुसऱ्या सकाळी दुलारी खालच्या बांधीत जाऊन आली. धानाच्या पानांची एरवी दुपारी सुरळी होते, ती आता सकाळीच झाली होती. हेड परत येईल, मग जागेश्वरची पाळी, मग बाकीच्यांची, मग त्यांची. तोवर इथं तणसच उरेल, हे कळायला मोठं असावं लागत नाही.

ती टिकारामच्या घरी गेली. अनुसयाबाई सूप घेऊन ओसरीवर बसली होती.

"काकी, तुमच्या माळ्यावर पाणी काढाचं टोपलं हाय ना?"

इंजिन यायच्या आधी तिथले लोक ज्यानं पाणी काढत, ते हे टोपलं. बांबूचं, उथळ, बाहेरून डांबर फासलेलं, दोन्ही बाजूंनी दोन दोन दोऱ्या. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोऱ्या सैल सोडून टोपलं पाण्यात बुडवायचं आणि एकदम ताणून वर पाटात ओतायचं.

"हाय," अनुसयाबाई म्हणाली. "तुले कायले पाहिजे?"

"पाळी इंजिनाची गेली. हातानं काढाले त पाळी लागत नाही ना?"

अनुसयाबाईनं सूप खाली ठेवलं. "नाही लागत. पण दोन बांध्या त्यानं नाही भिजत, पोरी. एक भिजली त भिजली."

"एकच भिजवू."

"ते दोघाइचं काम होय. कोण येते तुह्यासंग?"

"माय हाय ना."

"तुही माय?" अनुसयाबाई तिच्याकडे पाहत राहिली.  तिनं शिडी लावली आणि टोपलं काढून दिलं. माळ्यावर राहून दोऱ्या आखडल्या होत्या. "भिजव त्या आधी. नाही त हात कापते. अना तिच्या हाताले जाड फडकं गुंडाळ."

दुलारीनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि आधी घरी गेली.

"माय, चाल."

"कोठी?"

"पाणी काढाले."

तुलसा उठली. चाल म्हटलं म्हणून उठली. तलावावर दुलारीनं तिचा हात फडक्यानं बांधला, तिच्या दोऱ्या तिच्या हातात दिल्या आणि आपल्या घेऊन पाटाच्या तोंडाच्या पलीकडल्या अंगाला जाऊन उभी राहिली. टोपलं मध्ये पाण्यावर तरंगत राहिलं.

"आता सोड. आता वढ."

तुलसानं उशिरा ओढलं. टोपलं तिरपं झालं आणि पाणी परत तलावात सांडलं. दुलारीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा उशीर झाला, पुन्हा पाणी सांडलं. तलावाच्या पाळीवरून बिसनलाल बैल घेऊन चालला होता. तो थांबला, बघितलं आणि पुढं गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. दुलारीची कोपरं भरून आली. तुलसा चुकत होती असं नाही. ती ओढतच होती, फक्त तिच्यापर्यंत शब्द पोचायला वेळ लागत होता.

दुलारीनं मग आवाज देणं सोडून दिलं. ती आईच्या खांद्याकडे बघत उभी राहिली. टोपलं बुडालं, भरलं, तरी तिनं आपली दोरी ताणली नाही, नुसती धरून ठेवली. तुलसाचा खांदा हलला, तेव्हा तिनंही ओढलं, जितकं सावकाश आई ओढत होती तितकंच सावकाश. टोपलं सरळ वर आलं. पाटाच्या कोरड्या मातीवर पाणी पडलं, मातीनं ते तिथंच पिऊन टाकलं. दुलारीनं टोपलं परत खाली सोडलं आणि आईच्या खांद्याकडे बघत थांबली.